रन बिघडला त्या दिवशी काय करायचं, आणि पुढचे दोन दिवस काय नाही करायचं

नवीन नवीन पळायला लागलं की पहिले काही आठवडे भारी जातात. काल एक मिनिट पळवत नव्हतं तिथं आज तीन मिनिटं पळवतंय, घरच्यांनाही कौतुक, आपल्यालाही वाटतं की आता काय, डिसेंबरपर्यंत दहा किलोमीटर आरामात. आणि मग मध्येच एक सकाळ अशी येते की बेळगावच्या काँग्रेस रोडवर पहिल्या रेल्वे गेटापासून दुसऱ्या गेटापर्यंत जाईपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. पाय उचलत नाहीत, श्वास लागतो, घड्याळात बघावं तर अजून सहाच मिनिटं झालेली असतात, आणि डोक्यात एकच चालू असतं की हे आपलं काम नव्हे, उगाच शूजला चार हजार घातले.

अशा दिवसासाठी हे लिहितेय. सगळ्यात आधी मुख्य गोष्ट सांगते, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल: खराब रनचा तोटा त्या दिवशी फार होत नाही. तोटा होतो पुढच्या दोन दिवसांत, माणूस तो रन भरून काढायला जातो तेव्हा. सोमवारी दोनच किलोमीटर झाले म्हणून मंगळवारी सहा पळतो, तेही रागात, आणि गुरुवारी नडगी धरून बसतो. मी आमच्या सकाळच्या मंडळींत पळणं सोडलेले जे बघितलेत त्यातले बहुतेक असेच सुटलेत.

रस्त्यावर असतानाच

पहिल्या दहा मिनिटांवरून रन चांगला की वाईट ते ठरवू नका. पळायला सुरुवात केली की स्नायूंना ऑक्सिजन लगेच जास्त लागतो पण हृदय आणि फुप्फुसांना तो वेग पकडायला काही मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात दम लागणार, जड वाटणार, आणि हे वर्षानुवर्षं पळणाऱ्यांनाही होतं. म्हणून सुरुवातीची पाच मिनिटं भरभर चाला, मग अगदी हळू पळा, आणि दहा-बारा मिनिटांनी स्वतःला विचारा की आता कसं वाटतंय. अर्ध्या वेळा तोपर्यंत गाडी रुळावर आलेली असते.

नाही आली तर वेग कमी करा. हे ऐकायला सोपं वाटतं पण नवीन माणसाला जमत नाही, कारण त्याला वाटतं मी आधीच स्लो आहे, अजून किती स्लो. तर परीक्षा अशी घ्यायची: पळता पळता गणपतीच्या आरतीचं एक अख्खं कडवं मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे, मध्ये धाप न लागता. नाही म्हणता येत म्हणजे तुम्ही तुमच्या आजच्या तब्येतीपेक्षा जोरात पळताय. किलोमीटरला आठ मिनिटं लागू देत, नऊ लागू देत, शेजारून चालणाऱ्या आजोबांनी तुम्हाला गाठलं तरी गाठू देत.

इथं आपल्याकडची एक खास भानगड सांगायलाच पाहिजे, ती म्हणजे भरतीची पोरं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, आजूबाजूच्या प्रत्येक गावातनं फौजेत गेलेली माणसं आहेत, त्यामुळं येळ्ळूर, उचगाव, हिंडलगा कुठल्याही रस्त्यावर पहाटे पाचला जावा, पोरांची एक टोळी पळत असतेच. अठरा-एकोणीस वर्षांची, काटक, 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढायचं एवढंच डोक्यात. ती मागून येतात, चपलांसारखे झिजलेले शूज घालून, तुमच्या बाजूनं सूं करून जातात आणि त्यातलं एखादं पोरगं प्रेमानं ओरडतं, चला काकू, चला! झालं. आपण नकळत जोर लावतो. शंभर मीटर त्यांच्या मागं जातो आणि मग पुढचा सगळा रन धापा टाकत. त्यांचं पळणं वेगळं, त्यांना साडेपाच मिनिटांत सगळं ओतून टाकायचं असतं, तुम्हाला अर्धा तास टिकायचंय. हात करा, हसा, आणि मुद्दाम पन्नास पावलं चाला.

चालण्याबद्दलच. चाललं म्हणजे रन वाया गेला असं ज्यानं कुणी पसरवलंय त्याला एकदा भेटायचंय मला. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, परत एक मिनिट पळा, असं करत करत ठरवलेला वेळ पुरा करा. अंतर विसरा, वेळ धरा. तीस मिनिटं ठरली होती ना, मग तीस मिनिटं पायावर राहा, त्यात पळणं किती चालणं किती ते आज शरीराला ठरवू दे. या पद्धतीनं माणसं अख्खी मॅरेथॉन पुरी करतात.

कुशीत कळ आली तर, म्हणजे बरगडीच्या खाली एका बाजूला चमक निघते ती, घाबरू नका. हळू व्हा किंवा चाला, दुखतंय तिथं दोन-तीन बोटांनी दाबा, थोडं पुढं वाका आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष द्या, तोंड बारीक करून पूर्ण बाहेर. बहुतेक वेळा काही मिनिटांत जाते. पळायच्या आधी पोटभर खाल्लं, किंवा गोड सरबत-ज्यूस ढोसून निघालं की ही जास्त येते, तेवढं लक्षात ठेवा.

आणि काहीच जमेना तर घरी जावा. खिशात पन्नासची नोट किंवा फोन ठेवा, रिक्षा करा, बसा, या. यात लाज कसली. ज्या दिवशी मुळातच शंका आहे त्या दिवशी हिंडलग्याकडं सरळ लांब जाऊन परत यायचा रूट धरू नका, कारण मग तीन किलोमीटरवर पाय बसले की तीन किलोमीटर परतही यायचंय. व्हॅक्सिन डेपोच्या आवारात किंवा कॅम्पात झाडाखाली छोटे राउंड मारा, कधीही सोडून घरी येता येतं. निपाणी-चिकोडीकडच्या मंडळींना उसाच्या हंगामात वेगळीच कसरत असते, पहाटे अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, वर गाणी फुल आवाजात. पाय ओढत चालायची वेळ आली की माणूस रस्त्याच्या मध्ये येतो, त्याला कळतही नाही, त्यामुळं समोरून गाड्या येतात त्या बाजूनं, म्हणजे उजव्या कडेनंच राहा आणि इयरफोन काढून ठेवा.

कधी हा खराब रन नसतो

पुढं जायच्या आधी हे. खालचं काही झालं तर तो खराब रन समजून सोडून द्यायचा विषय नाही.

छातीत दुखणं, दाब आल्यासारखं वाटणं, ते जबड्यात किंवा हातात जाणं, डोळ्यांपुढं अंधारी, चक्कर, थांबल्यावरही धडधड किंवा धाप न बसणं, यातलं काहीही असेल तर पळणं तिथंच बंद आणि लगेच डॉक्टर. पित्त झालंय म्हणून ओवा चावत बसू नका. उन्हात पळताना मळमळ, अंगावर काटा, बोलणं अडखळणं, कुठं आहोत ते न कळणं असं झालं तर सावलीत, अंगावर पाणी, डोक्यावर-मानेवर-काखेत गार फडकं, आणि जवळच्याला फोन, बोलणं अडखळत असेल किंवा भान हरपतंय असं दिसलं तर सरळ हॉस्पिटल.

पायाचं दुखणं कसं ओळखायचं तर, दोन्ही मांड्या-पोटऱ्या सारख्याच दुखतात, दाबलं की बरं वाटतं, दोन दिवसांनी उतरतं, ते स्नायूंचं. एका बोटानं दाखवता येतं अशा एकाच जागी, हाडावर, चालतानाही दुखतंय आणि दिवसेंदिवस वाढतंय, ते वेगळं, हाडाला बारीक चीर असू शकते, त्यावर पळायचं नाही. एकाच पोटरीला सूज आणि गरमपणा असेल तरी दाखवून घ्या.

ताप असेल तर पळायचंच नाही, क्रोसिन घेऊन तर नाहीच नाही. साधं नाक गळतंय, बाकी ठीक, तर थोडं हळू पळलं तर चालतं. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर अंथरूण. पावसाळ्यानंतर डेंग्यू-चिकुनगुनिया होऊन गेलेल्यांना पुढं कित्येक आठवडे पूर्वीचा पेस, म्हणजे पळायचा वेग, येत नाही, त्यांनी आधी काही दिवस नुसतं चालून बघायचं.

घरी आल्यावर

शूज काढायच्या आधी स्वतःला शिव्या द्यायला सुरुवात होते. ते थांबवता येत नाही, पण त्या मूडमध्ये कुठलाही निर्णय घ्यायचा नाही एवढा नियम करा. प्लॅन बदलायचा नाही, पुढच्या महिन्याच्या इव्हेंटची नोंदणी रद्द करायची नाही, नवीन शूज ऑर्डर करायचे नाहीत. पाणी प्या, काहीतरी खा. फार घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, वर लिंबू पिळा, त्या रंगीत बाटल्यांची गरज नाही.

शेजारच्या काकू गेटात उभ्या असतातच. "काय गं, लवकर आलीस आज? आणि एवढं पळूलालीस तरी कशाला, कोण मागं लागलंय?" त्यांना "होय की काकू, आज नाही जमलं" एवढं म्हणायचं आणि आत जायचं. चर्चा करायला थांबलात की पंधरा मिनिटांत तुमचे गुडघे खराब होणार आहेत हे त्या तुम्हाला पटवून देतील. (पटवून घेऊ नका. बेतानं वाढवत नेलेल्या पळण्यानं धडधाकट माणसाचे गुडघे झिजतात याला आधार नाही.)

स्ट्राव्हावरनं (पळण्याची नोंद ठेवायचं ऍप) रन डिलीट करू नका. ग्रुपवर टाकायचा नसेल तर खाजगी करून ठेवा पण राहू दे, कारण पुढं तोच उपयोगी पडतो. त्याच्या खाली एक ओळ लिहा: काल किती झोपलो, काय जेवलो, किती वाजता निघालो, हवा कशी होती. बास. कॅम्पात दाट झाडांखाली जीपीएस इकडं-तिकडं उडतं, कधी कधी पेस मुळात तेवढा वाईट नसतोच, हेही एक.

कारण शोधायचं, पण दोन दिवस मागं जाऊन

माणूस कारण रनमध्ये शोधतो. कारण बहुतेक वेळा आदल्या दोन दिवसांत असतं.

झोप आधी बघा. आपल्याकडं वर्षातले काही दिवस असे आहेत की दुसऱ्या दिवशीचा रन खराब होणार हे कॅलेंडर बघूनच सांगता येतं. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, गणपती विसर्जनाची तर दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी संपलेली नसते. पहाटे तीनला घरी येऊन सहाला शूज बांधणारे वीर मला माहितीयत. त्या दिवशी झोपा. तसं कुणाच्या घरी लहान बाळ, कुणाला नाइट शिफ्ट, कुणाची परीक्षा, त्या आठवड्यात कमी पळा आणि कमीच पळायचं आधी ठरवून पळा, म्हणजे ते खराब वाटत नाही.

मग जेवण. गावच्या लक्ष्मीयात्रेला जाऊन आलात, रात्री साडेदहाला मटण-रस्सा-भाकरी रेटली, वर पाहुण्यांनी आग्रहानं अजून वाढलं, आणि सकाळी सहाला पोटात दगड. याला तब्येत बिघडली म्हणत नाहीत. उलट बाजूही असते, संध्याकाळी सातला दोन पोळ्या खाल्ल्या, सकाळी उपाशीच निघाले आणि वीस मिनिटांनी हातपाय गळाले. मोठं जेवण आणि पळणं यात दोन-तीन तास तरी पाहिजेत. सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर निघायच्या आधी एक केळं किंवा दोन खजूर. चहा-कॉफी घेतली तरी चालते, पण घराजवळच राउंड मारा, कॉफीनं पोट कधी हलेल सांगता येत नाही.

हवा. यावर जरा जास्त बोलते, कारण इथं आपण फसतो. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, आपल्यालाही सवय आहे की आमच्याकडं काय बाबा थंड, त्यामुळं फेब्रुवारी संपून मार्च लागला तरी माणूस थंडीतल्याच वेळेला, साडेसात-आठला निघतो. जानेवारीत ते ठीक होतं, तेव्हा सूर्यच सातच्या सुमारास उगवतो. मेमध्ये सहालाच ऊन येतं आणि एप्रिलमध्ये दुपारी पारा 35-36 ला जातो. पळताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली बरीचशी उष्णता म्हणून बाहेर टाकावी लागते, त्यासाठी रक्त कातडीकडं वळतं, पायांच्या वाट्याला कमी येतं, आणि त्याच पेसला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. म्हणजे तुम्ही तेवढेच फिट आहात, फक्त आज त्याच वेगाची किंमत जास्त आहे. त्यात वळीव. आदल्या संध्याकाळी ढगांचा गडगडाट, धो धो पाऊस, सकाळी हवा छान गार वाटते, झाडं धुतलेली, मातीचा वास, आणि दोन किलोमीटरवर शर्ट पिळून निघतो पण घाम वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं, दमट हवेत तो नुसता गळत राहतो. अशा सकाळी घड्याळातला पेस बघूच नका, आरतीचं कडवं म्हणा.

शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, तेही रोज थोडं थोडं उन्हात पळून. त्यामुळं मार्चमधले दोन आठवडे सगळे रन रडत गेले तर ते तसेच जाणार होते असं समजा, वेळ कमी करा आणि लवकर निघा. पावसाळ्यात उलटा घोळ होतो, माणसं रेनकोट घालून पळतात. जुलैच्या पावसातही रेनकोटात आतनं वाफ होते आणि तुम्ही घामानंच भिजता, त्यापेक्षा सरळ भिजा. टोपी घाला म्हणजे डोळ्यांत पाणी जात नाही, पायाच्या बोटांना व्हॅसलीन लावा, कॉटनचे मोजे घालू नका, फोड येतात. घरी आल्यावर शूजमध्ये तरुण भारत पेपरची पानं कोंबून ठेवा, तासाभरानं बदला, दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्यापैकी वाळतात. ओले शूज हे खराब रनचं कारण म्हणून कुणी धरत नाही पण जुलै-ऑगस्टमध्ये मला तेच सगळ्यात जास्त दिसतं.

पाय कशानं थकलेत तेही बघा. रविवारी घरच्यांना घेऊन राजहंसगडावर गेलात, पोरं म्हणाली उतरताना पळत जाऊया, तुम्हीही पळालात, मजा आली. उतारावर पळताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलेलं असताना ब्रेक लावायचं काम करावं लागतं, त्यानं स्नायूंत बारीक बारीक इजा होतात आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. मग मंगळवारी पाय जड का म्हणून गूगल करत बसता. भात लावणीच्या किंवा सुगीच्या दिवसांत शेतात राबून आलेल्यांचं तेच. दिवसभर चिखलात वाकून उभं राहणं हा व्यायामच आहे, ऍपमध्ये त्याची नोंद होत नाही म्हणून शरीर ते माफ करत नाही.

बायकांसाठी वेगळं. पाळीच्या आधीचे काही दिवस किंवा पहिले दोन दिवस पाय ओढल्यासारखे वाटणं अगदी कॉमन आहे, सगळ्यांना होतं असं नाही, पण होत असेल तर तारखा रनच्या नोंदीशेजारी लिहून ठेवा, दोन-तीन महिन्यांत पॅटर्न दिसतो आणि मग त्या आठवड्यात हलकं ठेवता येतं. दुसरं हिमोग्लोबिन. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, म्हणजे निम्म्याहून जास्त. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारंच कमी असेल तर कितीही ट्रेनिंग करा, दम लागणारच. त्यात आपण स्वतःलाच म्हणतो मी आळशी, माझ्यात जिद्द नाही. आधी रक्त तपासा, जिद्दीचं नंतर बघू. आणि एक, बघणाऱ्यांच्या नजरांमुळं जो रन खराब होतो तोही खराबच रन असतो. नाक्यावर टवाळ बसलेली असतात म्हणून त्या तुकड्यात बायका नकळत जोरात पळतात आणि दमतात, मी हे इतक्या जणींकडून ऐकलंय. रूट बदला किंवा दोघी-तिघी मिळून जावा.

एवढं सगळं बघून कारण सापडलंच नाही तर? तसंही होतं. सगळं नीट, झोप नीट, हवा नीट, तरी रन भंगार. सोडून द्या, एकाच रनवरनं काही कळत नाही. आपल्या बीडच्या अविनाश साबळेचंच बघा, ऑगस्ट 2023 मध्ये बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, पहिल्या फेरीतच बाहेर पडला, फायनलला गेलाच नाही, आणि 1 ऑक्टोबरला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये त्याच स्टीपलचेसचं गोल्ड घेतलं. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

पुढचा रन

आता त्या दोन दिवसांचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पळू नका. नवीन माणसानं तसंही आठवड्यात तीन-चार दिवसच पळायचं असतं, मध्ये एक दिवस सुट्टी. पण खराब रननंतर त्या सुट्टीच्या दिवशी बाहेर पडायची खाज सर्वात जास्त असते. चाला, वीस-तीस मिनिटं, बाजारात जावा, गाडी न घेता. घरातल्या घरात पोटऱ्या थोड्या ताणा. पळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी पळा, पण प्लॅनमध्ये जे आहे त्याच्या अर्धंच. तीस मिनिटं असतील तर पंधरा-वीस. पळायची आणि चालायची मिनिटं आधीच ठरवून घ्या आणि दम नसला लागला तरी ठरल्या वेळेला चाला. घड्याळावर पेस दिसतो तो स्क्रीन बंद करा, नुसता वेळ ठेवा. ज्या रूटवर बिघडला तोच रूट लगेच घेऊ नका, डोकं तिथल्या त्या चढावर पोचलं की आपोआप आठवण काढतं. दुसरीकडं जावा, शक्य असेल तर तुमच्यापेक्षा हळू पळणाऱ्या कुणाबरोबर, म्हणजे बोलत बोलत होतं. हा रन इतका सोपा झाला पाहिजे की संपल्यावर वाटावं, अजून पळता आलं असतं. तसं वाटलं तरी थांबा आणि घरी या.

राहिलेले किलोमीटर? ते गेले. सोमवारचे चार किलोमीटर राहिले म्हणून ते रविवारच्या लाँग रनमध्ये घालायचे नसतात. उधारी वसूल करायला तुम्ही दुकान नाही चालवत. आठवड्याचं टोटल कमी दिसलं तर दिसू दे. ग्रुपमध्ये महिन्याचं चॅलेंज चालू असेल, 100 किलोमीटर पुरे करा वगैरे, तर नवीन माणसानं त्यात पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. 28 तारखेला 20 किलोमीटर उरलेत म्हणून तीन दिवसांत ते कोंबणारे दर महिन्याला बघते, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते दिसत नाहीत.

त्या अर्ध्या रननंतर बरं वाटलं तर मूळ प्लॅनवर परत या, जिथं सोडला होता तिथंच, पुढचा आठवडा उडी मारून नाही. प्लॅन नऊ आठवड्यांचा असेल आणि तुम्हाला अकरा-बारा लागले तर कुणी विचारायला येत नाही. एखादा आठवडा दोनदा करा, तोच वेग तोच वेळ, काही बिघडत नाही.

एक खराब, दोन खराब, इथपर्यंत चालतं. लागोपाठ तीन-चार रन खराब गेले, आणि नोंदीत झोप-जेवण-हवा काहीच वेगळं दिसत नाही, तर एक आठवडा पळणं बंद ठेवून नुसतं चाला. बहुतेकांना तेवढ्यानं फरक पडतो, कारण मुळात आपण फार लवकर फार वाढवलेलं असतं. शूज किती चाललेत तेही बघा, 500 ते 800 किलोमीटरला त्यांचा जीव संपतो, वरनं चांगले दिसले तरी, आणि तेच शूज रोज बाजारात-ऑफिसला घालत असाल तर ते किलोमीटरही त्यातच धरायचे.

आठवडाभर थांबून, अर्ध्यानं सुरुवात करूनही तसंच चालू राहिलं, जिना चढताना दम लागतोय, सकाळी उठतानाच थकवा आहे, तर डॉक्टरांकडं जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन बायकांत 12 आणि पुरुषांत 13 च्या खाली असेल तर ॲनिमिया धरतात. या दोन्हीला उपाशीपोटी जावंच लागतं असं नाही, पण पळून आल्या आल्या घामाघूम रक्त द्यायला जाऊ नका, अंगातलं पाणी कमी झालेलं असलं की हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा जरा जास्त दिसतं. सुट्टीच्या दिवशी द्या, आणि लोहाच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनानं सुरू करू नका, रिपोर्ट दाखवून डॉक्टर देतील तेवढ्याच घ्या, आणि घेताना चहाबरोबर नको, चहानं लोह नीट शोषलं जात नाही.